काही न घडल्याची नोंद

पहाटेचा अंधार पुरता सरलेला नसतो, तेव्हा भोर घाटातल्या लोहमार्गावरून एक माणूस चालत निघतो. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना, लाल-हिरवी निशाणे आणि डबीत जपून ठेवलेले इशाऱ्याचे फटाके. रेल्वेच्या दप्तरात त्याचा हुद्दा ‘कीमन’. रुळाला स्लीपरशी जखडून ठेवणाऱ्या पाचरींना पूर्वी चाव्या म्हणत. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या सैल होत आणि त्या ठोकून बसवणे हे त्याचे काम असे. पाचरी जाऊन पोलादाच्या वळवलेल्या क्लिपा आल्या, तरी हुद्द्याचे नाव तेच राहिले. जाताना एका रुळावर नजर, परतताना दुसऱ्या. हा त्याचा नित्यनेम.

या चालण्यात तो काय शोधतो? सैल झालेली क्लिप, सरकलेली खडी, सांध्यापाशी केसाएवढी उमटलेली चीर. एक किलोमीटरचा रूळ मोकळा ठेवला, तर चाळीस अंशांच्या तापमानफरकाने तो जवळजवळ ४६ सेंटिमीटरने लांबतो वा आखडतो. जोडून सलग केलेल्या मार्गात त्याला हलायला जागा नसते. ती सारी ओढाताण पोलादाच्या पोटात साठून राहते. उन्हाळ्यात रूळ वाकू पाहतो, हिवाळ्याच्या पहाटे तुटू पाहतो. तुटलेला रूळ दिसलाच, तर येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत सुटायचे, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बसवायचे, हा नियम त्याला झोपेतही पाठ असतो. पण बहुतेक दिवशी धावावे लागत नाही. तो परततो, मुकादमाला सांगतो, ‘सगळे ठीक आहे.’ त्या वेळी कर्जतच्या फलाटावर, गाडीला मागून इंजिने जोडली जाईपर्यंत, प्रवासी गरम वडे घेत असतात. पुढे घाटातले धबधबे पाहताना त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात तो येत नाही. येऊ नये, हेच त्याच्या कामाचे यश.

देखभालीचे फळ असे विलक्षण आहे: काहीही न घडणे. बांधकामाची कोनशिला बसते, उद्घाटनाची फीत कापली जाते. न झालेल्या अपघाताची कोनशिला कुठे बसवणार? वाचलेल्या माणसाला तो वाचला हेही ठाऊक नसते. म्हणूनच संस्थेची मिळकत आटली, की हिशेबनिसाची लेखणी प्रथम याच रकान्यावर पडते. कपात केल्यावर पहिल्या वर्षी काही बिघडत नाही, दुसऱ्या वर्षीही नाही; आणि काटकसर करणारा शहाणा ठरतो.

यंत्रे व इमारती म्हातारपणाने मोडतात, हा समज सर्वत्र आहे. १९७८ साली नोलन आणि हीप या दोन अमेरिकी अभ्यासकांनी विमानांच्या घटकभागांविषयीचा आपला अहवाल मांडला. वाढत्या वयाबरोबर बिघाड वाढत जातो, असे त्यांच्या पाहणीतल्या जेमतेम ११ टक्के भागांबाबत आढळले. बाकीच्यांच्या बाबतीत नुसत्या वयावरून काही सांगता येत नव्हते. त्यांची प्रकृती वेळोवेळी पाहत राहणे हाच मार्ग होता. चावीवाल्याला हा सिद्धान्त कुणी शिकवलेला नसतो. त्याचा हातोडा मात्र तो रोज गिरवतो.

याची साक्ष द्यायला दोन वास्तू पुरेत. भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याची आखणी बदलली, रूळ आणि स्लीपर कितीदा पालटले. सदतीस फुटांना एक फूट अशा चढावरून गाड्या मात्र चालतच राहिल्या. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथिल आयसोसायनेटचे उत्पादन १९८० मध्ये सुरू झाले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तो विभाग पाच वर्षांचाही नव्हता. पण टाकी थंड ठेवणारे यंत्र त्या जूनपासून बंद होते, आणि निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. खर्च कमी करण्याच्या ओघात माणसेही कमी केली गेली होती. पहाटेपर्यंत शहराच्या वस्त्यांत हजारो माणसे मरून पडली. वय तरुण होते; लक्ष मात्र केव्हाच उडाले होते.

महाडजवळच्या सावित्री नदीवरचा पूल या दोहोंपेक्षा अवघड प्रश्न विचारतो. १९२८ साली बांधलेला तो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस सुरक्षित आढळला होता, असे शासनाकडून सांगण्यात आले. म्हणजे कागद होता. तरी पूल राहिला नाही. तपासणीची नोंद असणे आणि वस्तूचे मर्म कळणे, यांत केवढे अंतर असू शकते! पाण्याखालचा पाया काठावरून दिसत नाही. पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्या वेगाचे कौतुक झाले, आणि ते रास्तही होते. परंतु जुन्या पुलाच्या पायाशी वर्षानुवर्षे कुणी बुडी मारून आले असते, तर त्याचे नाव कुणाच्या कानी पडले नसते.

पूर्वी मावळ-कोकणातली घरे पावसाळ्यापूर्वी शाकारली जात. गेल्या साली गळले की नाही, असे घरधनी विचारीत बसत नसे. कौले उतरत, फुटकी निवडली जात, घर पुन्हा झाकले जाई. त्यात पराक्रम नव्हता, घराशी असलेले नाते होते. घर मालकाचे असते. संस्थेची मालमत्ता सर्वांची, म्हणून बरेचदा कुणाचीच नसते. अशा वस्तूला कुणीतरी आपली म्हणावी लागते.

खंडेनवमीला हत्यारांच्या खोलीत चावीवाल्याच्या हातोड्यालाही हळद-कुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. दुसऱ्या पहाटे ते फूल कधीच गळून पडलेले असते. धुक्यात, एका रुळावर नजर ठेवून तो चालू लागतो. हातोडा पडतो, पोलाद खणखणते. दूरवर गाडीची शिट्टी ऐकू येते. तो बाजूच्या खडीवर उतरतो, निशाण दाखवतो. डबे एकामागून एक निघून जातात. काही घडत नाही.