विठ्ठल सगळ्यांनाच हवा

आषाढी जवळ आली की ब्लाउजची कापडं बाजूला पडतात आणि माझ्या मशीनवर देव शिवायला येतात. अंगणवाडीची दिंडी, शाळेची दिंडी, आणि आमच्या नरसीत पंधरा दिवसांनी परतवारीची एकादशी असते, म्हणजे तोच पोशाख पुन्हा बाहेर निघणार. मुलींची रखुमाई किंवा जनाबाई सोपी. आईच्या जुन्या साडीची शिवलेली नऊवारी केली की झालं. मुलगा असला की मात्र प्रत्येक मायचं एकच म्हणणं, "ताई, विठ्ठल करा."

विठ्ठलाच्या खुणा ठरलेल्या. उंच मुकुट, मकरकुंडलं, तुळशीमाळ, पीतांबर, कमरेवर हात. आणि यातली एकेक गोष्ट लेकराच्या विरुद्ध जाते. मुकुट पुठ्ठ्याचा केला तर कपाळाच्या घामानं आणि आषाढाच्या भुरभुरीनं दुपारच्या आत मान टाकतो, सोनेरी कागदाचा रंग गालावर उतरतो. मी कॉलरचं कडक बकरम घेते, वरून जुन्या साडीचा जरीचा काठ शिवते आणि आतून सुती अस्तर. उंची कितीही मागितली तरी एक वीत पुरे. त्याहून उंच मुकुट पुढं झुकतो आणि लेकरू सारखा हात वर नेतं. कुंडलं कानात कधीच अडकवू नयेत. ती मुकुटालाच टाचायची, कानाशेजारी लोंबू द्यायची. काळासावळा रंग हवा म्हणून काही जणी तोंडाला काजळ फासतात, ते मला पटत नाही. पूर्ण बाहीचा काळा बनियन पुरतो. तोंड पोराचंच दिसू द्यावं.

पीतांबराच्या निऱ्या पक्क्या शिवून वर नेफा, नेफ्यात इलास्टिक. सोवळ्यासारखं नेसवलेलं छान दिसतं, पण भर रस्त्यात लघवी लागली की कळतं. चड्डीसारखं खाली ओढता आलं पाहिजे. आणि कमरेवरचे हात! खरा देव युगानुयुगं उभा राहील, चार वर्षांचं पोर दोन अभंगसुद्धा राहत नाही. म्हणून शेल्याच्या आत दोन्ही बाजूंना कापडी फासा शिवते. अंगठा त्यात अडकवला की हात आपोआप टेकून राहतात.

एवढं करून मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १२७० साली जन्मलेल्या नामदेवांचं म्हणून हे गाव ओळखलं जातं. दामाशेटी-गोणाईचं शिंप्याचं घर, म्हणजे माझ्याच धंद्यातलं. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, पंजाबातून माणसं इथं माथा टेकायला येतात. आणि नरसीतल्या लेकराला नामदेव करायला मात्र क्वचितच कोणी सांगतं. सांगितलंच तर कॅलेंडरातला: पागोटं, वीणा, वरून मिशी काढा. पाच वर्षांच्या ओठावर मिशी!

मी मायला समजावते की, बाई, नामदेवांची सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट लहानपणचीच आहे. वडील घरी नव्हते, पोरगं नैवेद्य घेऊन देवळात गेलं आणि देव जेवेना म्हणून हटून बसलं. मग मिशी कशाला? आखूड धोतर, बिनबाह्यांची बंडी, कपाळाला बुक्का आणि हातात छोटं ताट. शिवायला फार वेळ लागत नाही, कापडही वाया जात नाही. धोतराला तोच नेफा. हातांना काम मिळतं, त्यामुळं फासा लागत नाही. संताचं पोर मोकळं पळू शकतं, मुकुटवाल्या देवाला ते जमत नाही.

ताटात मात्र थर्माकोलचे लाडू ठेवू नका असं सांगते, घरचा शिरा ठेवा. गेल्या आषाढीला एका मायनं ऐकलं. दिंडी देवळापाशी येईपर्यंत ताट चाटूनपुसून साफ झालं होतं. नामदेवानं एकट्यानं नव्हतं खाल्लं. रांगेतल्या विठ्ठलांनी आपापले अंगठे फाशातून सोडवून घेतले होते.