परदेशांतील बिऱ्हाड

गतवर्षीं आम्हीं उभयतांनीं, प्रवासी कंपनीचा आश्रय न घेतां, मातोश्रींसह इटलीचा प्रवास केला. व्हेनिस नगरींतील खोल्यांचीं भाडीं पाहून छाती दडपली; म्हणून खाडीच्या अलीकडे, मेस्त्रे येथें निम्म्या दरांत बिऱ्हाड केलें. आगगाडीनें दहा-बारा मिनिटांचाच काय तो पल्ला! आमच्या व्यवहारचातुर्याचें आम्हांसच कौतुक वाटलें.

दोन दिवसांत तें ओसरलें. रोज तिघांचें जाण्यायेण्याचें भाडें; दुपारीं पाठ टेकावयास जागा नाहीं; आणि सायंकाळीं गर्दी पांगून कालवे शांत होऊं लागले कीं आम्हीहि थकून स्थानकाची वाट धरीत असूं. दुसऱ्या दिवशीं एका पुलाच्या पायरीवर मातोश्री बसल्याच. म्हणाल्या, "अरे, इथं घटकाभर बसूं दे ना मला. पाणी बघायचं आहे." आम्ही खजील झालों.

मेस्त्रेंतील उरलेल्या रात्रीचें भाडें बुडालें तें बुडालें. पण सान्ता लुचिया स्थानकानजीक, वाटेंत एकहि पूल नसलेलें लहानसें अतिथिगृह मिळालें. दर माणशीं, दर रात्रीं नगरकर वेगळा पडतो, हेंहि आधींच विचारून घेतलें. खोली चिमुकली, पण स्वच्छ. त्या संध्याकाळीं मातोश्री काळोख पडेपर्यंत कालव्याकांठीं बसल्या.

वाचकहो, परदेशीं खोली ठरवितांना भाड्याच्या आंकड्याशेजारीं वाहनखर्च, कर, जिने आणि वडील माणसांचे गुडघे हींहि मांडून पाहावीं. ज्यासाठीं इतक्या दूर यावें तेंच जिच्यापायीं हातचें जातें, तिला काटकसर म्हणूं नये.