सांध्यांचे भांडवल

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील व्यायामशाळांत पहाटे आता केवळ तरुणच दिसतात असे नाही. दुकानाचा कारभार मुलांकडे सोपवू लागलेले, पन्नाशी ओलांडलेले व्यापारीही तेथे वजने उचलताना आढळतात. त्यांतील अनेकांनी तरुणपणी व्यायाम केलेला असतो. मध्ये संसार आणि धंद्यात तीस वर्षे सरतात. पुन्हा सुरुवात केल्यावर मात्र गुडघा, खांदा किंवा कोपर कुरकुरू लागते.

घाटकोपर पूर्वेचे 58 वर्षांचे एक कापड व्यापारी त्यांपैकीच. सामायिकाची 48 मिनिटे जमिनीवर बसणे अशक्य झाल्याने त्यांच्या वाट्याला खुर्ची आली होती आणि ती त्यांना मनापासून सलत असे. पायांत पुन्हा बळ यावे म्हणून त्यांनी व्यायामशाळेत नाव घातले. सहा आठवड्यांत ताकद झपाट्याने परतली, तसतसे वजनही वाढत गेले. सातव्या आठवड्यात स्थानकाचा जिना उतरताना कठडा धरावा लागला.

घरात दोन तट पडले. पत्नी म्हणाल्या, “आता हे वय आहे का? बंद करा.” मुलगा म्हणाला, “पप्पा, गोळी घ्या आणि चालू ठेवा.” दोघांच्या बोलण्यात माया होती, उपाय मात्र दोन्ही चुकीचे होते.

व्यापाऱ्याला यामागील कारण समजणे कठीण नाही. भांडवल तेवढेच ठेवून उलाढाल वाढवत नेली, तर विक्रीचे आकडे फुगतात आणि एके दिवशी पेढी रोखीसाठी अडते. शरीरातही असेच घडते. स्नायूंना रक्तपुरवठा मुबलक असतो आणि पूर्वी कमावलेली ताकद ते लवकर परत मिळवतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या सावकाश बळकट होतात. कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते आणि ते पोहोचण्यासाठी हालचाल लागते. म्हणून व्यायाम पूर्ण बंद करणे हा उपाय नव्हे. गोळीच्या आधाराने वजन वाढवत राहणे हे तर मार्चअखेरीस ताळेबंद सजवण्यासारखे आहे. तूट दिसत नाही, पण भरूनही निघत नाही.

येथे वांद्र्यात वाढलेल्या सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण बोलके आहे. वजनदार बॅटने खेळणाऱ्या या फलंदाजाच्या कोपरावर मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये नागपूरला ते परतले आणि श्रीलंकेविरुद्ध 93 धावा केल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत त्यांनी 35 वे कसोटी शतक झळकावले. अवघे 32 वर्षांचे वय आणि उत्तम उपचार असूनही मधले सुमारे पाच महिने त्यांना द्यावेच लागले. साठीच्या उंबरठ्यावरील माणसाने सहा आठवड्यांचा हट्ट धरावा, यात कोणता हिशेब?

घाटकोपरच्या त्या गृहस्थांनी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने वजन निम्म्यावर आणले. आधी दहा मिनिटे अंग गरम करणे. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम आणि मध्ये विश्रांती. व्यायामाच्या वेळी सौम्य दुखले तर चालेल. मात्र दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर पुढच्या वेळी वजन कमी करायचे. रोजमेळासारखी एक छोटी वही त्यांनी यासाठी ठेवली. दोन आठवडे सकाळ निर्वेध गेल्याशिवाय वजन वाढवायचे नाही, असा नियमही घातला.

आठ महिन्यांनंतर त्यांनी उचललेले वजन व्यायामशाळेतील तरुणांच्या नजरेत भरणारे नाही. आठवड्यातील दोन-तीन दिवस मात्र सामायिक जमिनीवर होते. उरलेल्या दिवशी ते खुर्चीवर बसतात आणि आता त्याचे दुःखही मानत नाहीत.

सांधा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला, पायात बधिरपणा आला किंवा दुखण्याने रात्रीची झोप मोडू लागली, तर वहीवर विसंबून राहू नये, डॉक्टरांकडे जावे. एरवी थोडे वजन, भरपूर सातत्य आणि सकाळी उठताच गुडघ्याची विचारपूस एवढे पथ्य पुष्कळांना पुरेसे ठरते.