माथेरान, ताशी दीड किलोमीटर

मे महिना, दोन मुलं आणि वन बीएचके. हे कॉम्बिनेशन ज्यांच्या घरी आहे त्यांना जास्त सांगायला नको. फ्रिज दर पाच मिनिटांनी उघडतो, तिखटमीठ लावलेली कैरी सोफ्याच्या उशीखाली सापडते आणि ‘आई, आता काय करू?’ हा प्रश्न मीटिंगमध्येही फोनवरून येतो. यावर आमच्याकडे एकच उतारा आहे. दोन दिवस माथेरान!

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना उन्हाळ्याची जागा सापडली. टॉय ट्रेन आली १९०७ मध्ये. दोन फुटी रूळ आणि २१ किलोमीटरची वळणं. नेरळला लोकलमधून उतरल्यावर आमच्या चार वर्षांच्या धाकट्याने तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘ही मोठी झाली की लोकल होणार?’’

मे महिन्यात तिकिटं मिळायची मारामारी. मग टॅक्सीने दस्तुरी नाका. तुमची गाडी कितीही लाखांची असो, ती इथेच थांबते. पुढे शटल ट्रेन, घोडा, ई-रिक्षा नाहीतर आपले पाय. आम्ही चालायचं ठरवलं. जेमतेम तीन किलोमीटरला दोन तास लागले, कारण चिरंजीवांना प्रत्येक घोड्याची चौकशी करायची होती. ‘‘काका, याला चार्जिंगला कुठे लावता?’’ घोडेवाल्याने हसत हरभऱ्याची पिशवी दाखवली.

बाजारात माकडाने त्याचा वेफर्सचा पुडा लांबवला. भोकाड पसरलं, पण दुःख वेगळंच होतं. ‘‘त्याने प्लीज नाही म्हटलं!’’ एको पॉइंटला थोरली जोरात ओरडली, ‘‘होमवर्क!’’ दरीतून उत्तर आलं तशी वैतागली, ‘‘इथे पण दोनदा?’’

दुसऱ्या दिवशी शार्लट लेककडे जाताना जाणवलं, सकाळपासून मी ‘हात धर’ म्हटलंच नाहीये. आमच्या गल्लीत फुटपाथवर बाइक्स उभ्या असतात. स्कूलबसपर्यंतच्या दोनशे पावलांत हे वाक्य माझ्या तोंडून दहादा निघतं. पोरगं माझ्या मनगटाला लोंबकळतच मोठं होतंय. इथे मात्र तो पुढे पळत होता, मुंग्यांची रांग बघायला बसत होता, काठीने लाल मातीत रेघोट्या ओढत होता. घाई कुणालाच नव्हती. मधेच तो मागे आला, स्वतःहून माझा हात धरला आणि म्हणाला, ‘‘आई, तू हरवशील.’’

परतीला टॉय ट्रेन मिळाली. वाटेतल्या ‘वन किस टनेल’च्या नावाचा अर्थ थोरलीने अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असा विचारला. नवऱ्याला नेमका तेव्हाच महत्त्वाचा एसेमेस आला.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. पांढरे बूट घरीच ठेवा, खाऊ सॅकच्या तळाशी भरा. वळणावर घोडे भरधाव येतात, तिथे आणि प्रत्येक पॉइंटच्या कडेला मुलांचा हात घट्ट धरा. चिक्की येताना घ्या, जाताना नाही. आणि पॉइंट्सची यादी सोबत नेऊच नका. दोन दिवसांत आमचे तीनच झाले. मुंग्या मात्र सगळ्या बघून झाल्या.