हरवले-सापडले

घरातली कोणतीही वस्तू हरवत नाही, असे माझ्या पत्नीचे ठाम मत आहे. ती ठेवली तिथेच असते. कुठे ठेवली, हे तेवढे आपल्या डोक्यातून जाते. अडकित्ता, विजेचे बिल, नातवाची जन्मपत्रिका, या सर्वांच्या बाबतीत तिने हा सिद्धान्त वेळोवेळी खरा करून दाखवला आहे. माझी उभी हयात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत हिशेब लिहिण्यात गेली, आणि मला सांगावयास हरकत नाही, की संगणकाच्या तबकडीचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे. फरक इतकाच, की तबकडी सापडलेली वस्तू हाती देताना वर चार शब्द ऐकवत नाही.

तसे पाहिले तर हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते कशासाठी? माळ्यावरच्या पेट्या, वाळवीने खाल्लेले रुमाल, कोणाचे पत्र कोणाला याचा पत्ता नाही. अशा कागदांतून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी केली. त्यांचा पहिला खंड निघाला १८९८ साली. मजकूर होता, यादी नव्हती. मायना फाटला असेल तर आतल्या मजकुरावरून पत्र ओळखावयाचे, हीच त्यांची रीत. तबकडी बिघडते तेव्हाही नेमके हेच करावे लागते.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाची प्रणाली रचावयास घेतली. तिच्यात एक मोठी गमतीची गोष्ट आहे. फाइलचे नाव फाइलजवळ नसतेच! नाव असते यादीत, आणि त्या नावापुढे असतो नुसता एक क्रमांक. त्या क्रमांकाचा एक खण असतो. त्याला म्हणतात आयनोड. मालक कोण, लांबी किती, शेवटचा हात कधी लागला, मजकूर तबकडीच्या कोणकोणत्या तुकड्यांवर पसरला आहे, हे सारे त्या खणात लिहिलेले. नाव मात्र नाही. सुशिक्षित माणसाला हे समजावून घ्यायला वेळ लागतो. कारखान्यातल्या माणसाला चटकन उमगते. फाटकाच्या आत पाऊल टाकले की त्यालाही नाव नसते, तिकीट नंबर असतो.

१९९२ सालची गोष्ट. दिवाळी दहा दिवसांवर आलेली. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुटी रविवारी नसून गुरुवारी असते. सगळीकडचा विजेचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून वार वाटून दिलेले. यंत्रे थंड, शेड शांत, तेव्हा गुरुवार हा हिशेबाचा वार. त्या गुरुवारी वीज एकदा गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. बॅटरीने मध्येच मान टाकली. संगणक उठला तो कण्हतच. यादीचे एक पानच्या पान नाहीसे झाले होते, आणि त्या पानावर होत्या कामगारांच्या वर्षाच्या बारा फाइली. हजेरी, ओव्हरटाइम, घेतलेली उचल आणि दरमहा कापलेली परतफेड.

हजेरीचे मस्टर कागदावर होते. उचलीची परतफेड मात्र माणसागणिक कागदावर नव्हती. शेठजी वाईट गृहस्थ नव्हते, पण व्यवहारी होते. ते म्हणाले, “ज्याची फेड दिसेल त्याची फेड मान्य. दिसणार नाही त्याची सगळी उचल बोनसातून कापा.” सदतीस नंबरने मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली होती आणि वर्षभर पोटाला चिमटा घेऊन ती फेडली होती. अशी माणसे दहा-बारा तरी असतील. त्यांची दिवाळी त्या तबकडीत अडकून पडली.

दुसऱ्या दिवशी एक पोरगेलासा इंजिनिअर आला. त्याने आल्या आल्या एकच गोष्ट सांगितली: “आता कोणीही काहीही लिहायचं नाही.” हरवलेला मजकूर जोवर झाकला जात नाही तोवरच तो आहे, नव्या लिखाणाने मोकळी समजून तीच जागा घेतली, की संपले. त्याने फ्लॉपीवरून यंत्र चालू केले आणि साऱ्या तबकडीची, चांगल्या-वाईटाचा विचार न करता, पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत टेपवर जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली. मग म्हणाला, “आता चूक करायला मोकळे झालो.” मोठमोठ्या वैद्यांनाही ही सवलत नसते!

त्यानंतर त्याने तपासणीचा प्रोग्राम चालू केला. हा प्रोग्राम जुन्या कारकुनासारखा आहे. प्रत्येक खण उघडतो, कोणता तुकडा कोणाचा याचा मेळ घालतो आणि अडला की प्रश्न विचारतो. या फाइलला वारस नाही, जोडून देऊ? हा तुकडा दोघे आपला म्हणतात, यातली एक पुसून टाकू? उत्तर एका अक्षराचे, हो किंवा नाही. पडद्यावर प्रश्न येत होते आणि त्या पोराचे बोट कळीवर अधांतरी थांबत होते. मी देवाचे नाव घेत होतो.

बेवारस निघालेल्या फाइली हा प्रोग्राम एका ठरावीक खोलीत नेऊन ठेवतो. तिचे इंग्रजी नाव मराठीत आणले तर ‘हरवले-सापडले’ असे होईल. तिथे आमच्या फाइली मिळाल्या खऱ्या, पण त्यांच्यावर नुसते आयनोडचे आकडे. महिन्याचे नाव फाइलच्या नावातच असल्यामुळे आत ते पुन्हा कोणी लिहिले नव्हते. तारीख पाहावी, तर बोनसाच्या तयारीसाठी सगळ्या फाइली त्याच सकाळी पुन्हा लिहिल्या गेल्या होत्या, सगळ्यांवर गुरुवारच. आणि क्रम कळल्याशिवाय उचल आधी की फेड आधी, हे कसे कळणार?

तेव्हा आमचे टाइमकीपर नाना चष्मा पुसत पुढे आले. संगणकाला त्यांनी तोवर हातही लावला नव्हता. पडद्यावरचे आकडे त्यांनी एखादी पोथी वाचावी तसे वाचले. “हे बघा, या आठवड्यात चार, नऊ, सोळा आणि एकवीस नंबर एकदम गैरहजर. चौघेही माळकरी. पालखी निघाली तो महिना.” पुढची फाइल. “मावळातले सगळे रजेवर? भाताची लावणी. जुलै.” आणखी एक. “अकरा नंबरचा ओव्हरटाइम शून्य. त्याला मुलगा झाला तो महिना, मार्च.” यादी तबकडीवरून पुसली गेली होती, नानांच्या डोक्यातून नाही. तासाभरात अकरा महिने रांगेने उभे राहिले.

बारावा महिना, ऑगस्ट, मिळाला नाही. त्याच्या तुकड्यांवर दुसरेच काही लिहिले गेले होते. नाना शेठजींना म्हणाले, “विचारूया की त्यांनाच.” एकेकाला बोलावून विचारले, ऑगस्टात किती कापले? मी लिहून घेतले. रोजकीर्दीत त्या महिन्याच्या वसुलीची एकूण रक्कम होतीच. ती बेरजेशी ताडून पाहिली. पाच रुपयांचा फरक निघाला. कामगारांनी सांगितलेली रक्कम पाच रुपयांनी कमी होती. शेठजी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “पाच रुपये त्यांच्या बाजूने धरा.”

त्यानंतर या शास्त्राने पुष्कळ मजल मारली. खरे म्हणजे बर्कलेच्या विद्यापीठात मॅक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभीच तबकडीच्या मुख्य आराखड्याच्या अनेक नकला निरनिराळ्या जागी ठेवण्याची युक्ती काढली होती. एक जागा बिघडली तरी दुसरी साक्ष द्यायला असावी म्हणून. आणि २००१ साली लिनक्समध्ये ‘एक्स्ट ३’ नावाची रचना रुजू झाली. ती आधी रोजकीर्दीत लिहिते आणि मग खतावणीत उतरवते. मध्येच वीज गेली तर रोजकीर्द पाहून अर्धवट राहिलेले काम पुरे करावयाचे. आपले पेढीवाले हेच करीत आले, हे वाचून मला हसू आले. मात्र रोजकीर्द तबकडीलाच चिकटलेली असते. तबकडीच गेली तर तीही गेली. म्हणून दुसरी नक्कल दुसऱ्या छपराखाली हवीच.

तो पोरगेला इंजिनिअर आता चाकणच्या एका कारखान्यात मोठा अधिकारी आहे. ज्या चाकणला पूर्वी आम्ही कांद्याच्या बाजारासाठी जात होतो, तिथे आता मोटारी तयार होतात. अलीकडे त्याची भेट झाली तेव्हा तो म्हणाला, “काका, आमच्याकडे आता प्रत्येक गोष्टीच्या तीन-तीन नकला असतात. पण अकरा नंबरला मुलगा कधी झाला, हे सांगणारं कोणी नाही.”

नाना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची नक्कल कोणी काढून ठेवली नाही.