बेटाकडून बेटाकडे

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या पूर्वेस, बाल्टिक समुद्रात, लहानमोठी हजारो बेटे विखुरलेली आहेत. २००२ मध्ये त्यांतील ऊतो या बेटावर चौघांत पैज लागली. दोघादोघांच्या जोडीने सांडहाम्न बेट गाठायचे. जमिनीवर धावायचे, पाण्यात पोहायचे आणि मागे राहणाऱ्या जोडीने भोजनखर्च सोसायचा. त्या प्रवासाला चोवीस तासांहून अधिक वेळ लागला. २००६ पासून त्या पैजेची रीतसर स्पर्धा झाली. 'ओ टिल ओ', म्हणजे बेटाकडून बेटाकडे, हे तिचे नाव. आता ती सांडहाम्नहून ऊतोकडे जाते. अंतर सुमारे ७५ किलोमीटर, त्यांपैकी जवळपास १० किलोमीटर थंडगार पाण्यातून.

पोशाख बदलण्यास येथे उसंत नसते. म्हणून स्पर्धक बूट घालूनच पोहण्याचा आणि रबरी पोशाखातच धावण्याचा सराव करतात. शेवाळलेल्या खडकांवरून पाण्यात उतरणे आणि पुन्हा वर चढणे, हेही शिकावे लागते.

परंतु खरी तयारी जोडीदाराची पारख करण्याची असते. दोघांनी परस्परांपासून दूर जायचे नाही, हा नियम आहे. एकाने माघार घेतली की दुसऱ्याची वाटही तेथेच संपते. यास्तव पोहण्यात सरस असलेला पुढे राहून कित्येकदा कमरेच्या दोरीने सोबत्यास ओढतो. जमिनीवर भूमिका पालटतात. कोण केव्हा थकतो आणि थकल्यावर बोलतो की गप्प राहतो, हे सरावातच उमगावे लागते. भागीदारीचा हिशेब येथे सोपा आहे: जोडीचा वेग मागे पडणाऱ्याइतकाच.