दुर्मीळ धातू आणि घरची पुंजी

व्यापारी कुटुंबात पैसा कोठे ठेवावा हा प्रश्न एकट्याच्या आवडीनिवडीचा नसतो. घरच्या पुंजीत आईचे स्त्रीधन असते, धाकट्याच्या शिक्षणाची तरतूद असते, एखाद्या विधवा बहिणीची ठेव असते. अलीकडे तरुण मंडळी सोन्याचांदीच्या पलीकडे जाऊन रोडियमसारख्या दुर्मीळ धातूत पैसे गुंतवावेत असे सुचवू लागली आहेत. ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती तपासून पाहावी आणि मगच काय ते ठरवावे.

कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या वाटेवरील कोयनानगर हे धरणाच्या कामाबरोबर वाढलेले गाव. तेथील एका किराणा-भुसार दुकानदाराच्या घरी हा प्रश्न उभा राहिला. घरचे कर्ते पुरुष अण्णा सत्तरी ओलांडलेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी लहानपणी अनुभवलेला. त्या पहाटे घराच्या भिंती बसल्या, माल ढिगाऱ्याखाली गेला. आईच्या हातातील पाटल्या कराडच्या सराफाने ठेवून घेतल्या आणि त्या पैशांवर दुकान पुन्हा उभे राहिले. धातूवरचा अण्णांचा विश्वास तेव्हापासूनचा.

त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान वारले. अपत्य नाही. यजमानांच्या मागे मिळालेले बारा लाख रुपये तिने भावाच्या भरवशावर ठेवलेले. त्यांपैकी चार लाखांची रोडियमची वीट परदेशी व्यापाऱ्याकडून घ्यावी, असे अण्णांच्या मुलाने सुचवले. मुलगा पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीस आहे. तो ऐकीव गोष्टींवर बोलत नव्हता.

त्याचे म्हणणे असे होते. रोडियमचा शोध इंग्लंडमध्ये विल्यम वोलास्टन यांनी १८०४ च्या सुमारास लावला. सोने दरवर्षी तीन हजार टनांहून अधिक निघते, तर रोडियम जेमतेम वीस-तीस टन. त्यातील सुमारे ऐंशी टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. पेट्रोल मोटारीच्या धुरातील नायट्रोजनचे विषारी वायू निवळण्यासाठी धूरनळीतील शुद्धीकरण-पेटीत ते वापरतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम आले, चीनमध्येही नियम कडक झाले आणि मागणी वाढली. पुरवठा मात्र वाढू शकत नाही, कारण रोडियमसाठी कोणी खाण खोदत नाही. प्लॅटिनम काढताना ते सोबत निघते. २०१६ मध्ये सुमारे सातशे डॉलरने औंसभर रोडियम घेणाऱ्याला मार्च २०२१ मध्ये एकोणतीस हजारांवर भाव दिसला. पाच वर्षांत चाळीस पट!

अण्णांनी एवढेच विचारले, “आणि त्यानंतर?”

मुलाने तेही लपवले नाही. २००८ च्या मध्याला दहा हजार डॉलरपर्यंत चढलेला भाव त्याच वर्षाच्या अखेरीस हजाराच्या आसपास आला होता. २०२१ च्या शिखरानंतर मोटारींसाठी लागणाऱ्या चिपांचा तुटवडा पडला, कारखाने मंदावले, विजेवरच्या मोटारी वाढू लागल्या. २०२३ च्या उत्तरार्धात भाव चार-साडेचार हजारांवर होता. शिखरावर गुंतवलेल्या शंभर डॉलरचे पंधराच उरले.

भाव सोन्याचाही पडतो. २०१३ मध्ये तो बराच पडला होता. त्यामुळे केवळ चढउतारावरून निकाल देणे अण्णांना पटेना. ते मुलाला घेऊन विट्याला गेले. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातील माण-खटाव या दुष्काळी भागांतील माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोन्याचांदीतील हिणकस वेगळे काढून धातू शुद्ध करणे हे त्यांचे काम. दक्षिणेत आयुष्यभर भट्टी चालवून गावी परतलेले एक आबा अण्णांच्या जुन्या ओळखीचे होते.

आबांनी सगळे ऐकून घेतले. “शेठ, सोनं कसोटीवर घासलं की कळतं,” ते म्हणाले. “शंका आली तर आम्लराजात विरघळवून पुन्हा शुद्ध काढतो. हे रोडियम आमच्या हातात येतं ते पॉलिशपुरतं. त्याची वीट आणलीत, तर मी ती तपासू शकणार नाही. वितळवूही शकणार नाही.”

मुलाला त्याचे कारण ठाऊक होते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, रोडियम १९६४ अंशांना. तब्बल नऊशे अंशांचा फरक. सोने ज्या आम्लराजात विरते, त्यात रोडियमचा घट्ट तुकडा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पांढऱ्या सोन्याच्या अंगठीवर चकाकी येते ती रोडियमच्या अतिशय पातळ थरामुळे. अंगठी मोडीत घालताना सराफ त्या थराचे पैसे देत नाही.

परतीच्या वाटेवर बापलेकांनी हिशेब मांडला. रोडियमचा वायदेबाजार नाही. भाव ठरतो तो मोजके शुद्धीकरण कारखाने, मोठे व्यापारी आणि मोटारधंदा यांच्यात. घरगुती ग्राहकासाठी खरेदी व विक्रीच्या भावांतील अंतर सोन्यापेक्षा पुष्कळ मोठे. दागिन्याला हॉलमार्क असतो, तसा या विटेला नाही. सोन्याच्या दागिन्यावर बँक किंवा पतसंस्था तारण-कर्ज देते. या विटेवर कोणी देणार नाही. उद्या बहिणीला रात्री रुग्णालयात न्यावे लागले, तर विटेचे पैसे हाती येईपर्यंत किती दिवस जातील, याचे उत्तर दोघांपाशीही नव्हते. पाटल्यांनी दुकान वाचवले, कारण कराडात त्या पारखणारा आणि घेणारा माणूस होता. ही गोष्ट अण्णांना इतक्या वर्षांत अशी स्वच्छ कधी उमगली नव्हती.

घरी आल्यावर मुलाने आत्याला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “माझे पैसे कुठं आहेत असं कुणी विचारलं, तर मला सांगता आलं पाहिजे. तुझ्या या धातूचं नाव घेताना माझी जीभ अडखळते रे.” मुलगा हसला, पण मुद्दा त्याला लागला. तिची बरीचशी रक्कम तीन बँकांत मुदत ठेवी म्हणून विभागून ठेवण्यात आली. कारण ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच असते. थोडे हॉलमार्कचे सोने घेतले. मुलाने आपली हौस सोडलेली नाही. मात्र ती स्वतःच्या कमाईतून, बुडाले तरी घर हलणार नाही एवढ्याच रकमेची, असे त्याने वडिलांना सांगून ठेवले आहे.

रोडियम वाईट नव्हे. ज्याचा धंदाच त्या धातूचा आहे, ज्याला तपासणारा व घेणारा माहीत आहे, त्याने ते अवश्य घ्यावे. इतरांनी आपल्या दुकानाचा जुना नियम येथेही लावावा. वखारीत माल भरण्याआधी गिऱ्हाईक कोठले, याचा विचार प्रत्येक व्यापारी करतो. धातू किती दुर्मीळ आहे हे विक्रेता सांगेलच. अडचणीच्या दिवशी तो आपल्या पेठेत कोण घेईल, हे मात्र आपणच आधी विचारून ठेवायचे असते. पैसा दुसऱ्याच्या विश्वासाचा असेल, तर हे विचारल्यावाचून हात पुढे करू नये.